मदत हवी आहे : उन्हाळ्यात टिकेल असे मेणचित्रणाचे मिश्रण

सर्व चित्रकार मित्रमैत्रिणींना नमस्कार. इजिप्तमधील फय्यूम भागात इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत मृतांची जी व्यक्तिचित्रे रंगवली गेली, त्यांपैकी अनेक मधमाश्यांच्या मेणात रंगद्रव्ये कालवून पातळ लाकडी फळ्यांवर काढलेली आहेत, आणि त्यांतील त्वचेची झळाळी मला तैलरंगांतही क्वचितच आढळते. त्याच ओढीने मी हे माध्यम शिकत आहे.

सध्या मी शुद्ध मेणाच्या ८ भागांत डॅमार राळेचा (झाडाच्या वाळलेल्या चिकाचा) १ भाग वितळवून घेतो आणि प्रत्येक थर गरम हवेच्या झोताने खालच्या थराशी एकजीव करतो. मेण साधारण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे विदर्भातील उन्हाळ्यात घरातल्या भिंतीवरचे चित्र ओघळणार नाही हे खरे. पण बंद मोटारीत किंवा पत्र्याच्या छपराखाली ते मऊ पडेल आणि त्यावर धूळ कायमची चिकटेल, ही माझी मुख्य काळजी आहे. राळ वाढवली तर पृष्ठभाग कडक होतो, मात्र ठिसूळही होतो. कार्नौबा मेण (एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे कडक मेण) ८० अंशांच्या वर वितळत असल्याने ते थोडे मिसळावे असे वाटते. कोणी ते वापरले असल्यास प्रमाण किती ठेवले आणि पुढे तडे गेले का, हे कृपया सविस्तर कळवावे.

शिवाय अ‍ॅक्रिलिक जेसो (रंगवण्याआधी लावायचे तयार पांढरे अस्तर) मेण पुरेसे शोषत नाही, म्हणून प्लायवूडवर खडूची भुकटी आणि सरस यांचे अस्तर द्यावे लागते. पावसाळ्यातील दमट हवेत त्या सरसाला बुरशी येऊ नये यासाठी आपण काय करता?