अफिलिएट साइट पुन्हा उभी करतोय, या वेळी मराठीतून. तुमचं काय मत?

उद्यमनगरकर
२०१९ पर्यंत माझी एक इंग्रजी साइट होती. मिक्सर, ट्रिमर, हेडफोन, जे खपतंय त्याची ‘टॉप टेन’ यादी आणि खाली अमेझॉनच्या लिंका, त्यावरून कुणी घेतलं की मला कमिशन. पुढं घरचं मशीन शॉप अंगावर आलं आणि ते काम मागं पडलं. आता संध्याकाळी थोडा वेळ मिळतोय. मित्र म्हणतात, ती गाडी गेली, आता एआयचा जमाना. मला हे पटत नाही.

जुनी साइट उघडून बघितली. फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी, कारण साइटस्ट्राइप या आपल्या लिंक बनवायच्या टूलमधल्या फोटोंच्या लिंका अमेझॉननं २०२३ संपता संपता बंद केल्या. साइटवर किती माणसं येतात ते मोजणारं जुनं गुगल ॲनालिटिक्सही जुलै २०२३ पासून आकडे घेत नाही. तिची डागडुजी करण्यात अर्थ नाही. डोमेन नवं, भाषा मराठी आणि विषय एकच: शेतावर आणि छोट्या वर्कशॉपमध्ये लागणारी यंत्रं.

बॅटरीवरचा फवारणी पंप घ्या. दोन खोक्यांवर एकच मजकूर असतो, १२ व्होल्ट, ८ अँपियर-अवर. उघडल्यावर फरक कळतो. चांगल्या पंपात प्रेशर स्विच नीट काम करतो, ट्रिगर सोडला की मोटर थांबते. जिथं तो बिघडलेला किंवा हलका असतो तिथं मोटर चालूच राहते, सगळा जोर पाइपच्या जोडावर येतो आणि शेतकरी म्हणतो, “पंप गळतोय.” बिचारा वॉशर बदलत बसतो. हंगाम संपल्यावर पंप चार्ज न करता गोठ्यात टाकला की लेड-ॲसिड बॅटरी बसते, हेही विकताना कुणी सांगत नाही. असं सगळं फोटोसकट मराठीत लिहायचं आणि ज्या पंपात दम आहे त्याचीच लिंक द्यायची. यादीवाल्या साइट संपल्या असतील. वस्तू खोलून बघणाऱ्याला अजून जागा आहे.

लक्ष्मीपुरी_दुकानदार
भावा, माहिती नंबर एक आहे. पण पोट कशावर भरणार? अमेझॉनची लिंक दाबल्यावर २४ तासांत गिऱ्हाइकानं खरेदी केली किंवा निदान कार्टमध्ये टाकलं, तरच तुझं कमिशन. आपला शेतकरी असा घेतो का? तो तुझं वाचणार, भावकीत विचारणार, शेजाऱ्याचा पंप पाठीला लावून बघणार आणि आठवड्यानं माझ्याकडं येणार. का? मी उधारी देतो. “ऊसबिल आलं की देतो” हे वाक्य कुठलं ॲप ऐकून घेत नाही. शिवाय डायफ्रॅम, म्हणजे पंपातला रबरी पडदा, फाटला, चार्जर जळला, तर सुटा भाग माझ्याकडं मिळतो. ऑनलाइन पंपाचे सुटे भाग शोधत आलेली माणसं मी रोज बघतो.

दुसरं, गुगल आता उत्तर वरतीच देऊन टाकतं. एआय ओव्हरव्ह्यू भारतात ऑगस्ट २०२४ ला आलं, इंग्रजी आणि हिंदीत. मराठीला सोडलंय असं समजू नकोस. तू पंप खोलून लिहिणार, ते दोन ओळींत सांगणार आणि तुझ्या पानावर कुणी येणारच नाही.

रंकाळा_वेब
मी व्यापाऱ्यांच्या वेबसाइट बनवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

दुकानदार दादा, सगळं खापर एआयवर फोडू नका. उत्पादन न बघता लिहिलेल्या परीक्षणांना गुगलनं एप्रिल २०२१ पासूनच मागं ढकलायला सुरुवात केली होती. मार्च २०२४ मध्ये तर ढिगानं पानं पाडणाऱ्या साइट थेट स्पॅमच्या धोरणात घातल्या, मग ती माणसानं लिहिलेली असोत की यंत्रानं. खोललेल्या पंपाचा स्वतः काढलेला फोटो ज्याच्याकडं आहे, त्याची बाजू यात बळकटच होते.

पण उद्यमनगरकर, २०१९ च्या सवयी घेऊन येऊ नका. किंमत हातानं लिहायची नाही. ती बदलते आणि अमेझॉनच्या नियमांतही ते बसत नाही. त्यांचे स्टार, त्यांच्या ग्राहकांचे अभिप्राय उचलून आपल्या पानावर लावायचे नाहीत. लिंकच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ची खूण लावा, म्हणजे ती कमिशनची आहे हे गुगलला कळतं. आणि “या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं” हे वाक्य लेखाच्या सुरुवातीला, ठळक, मराठीत. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्यात. नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं. आपल्या गावातला माणूस विश्वासानं वाचणार असेल, तर त्याच्यापासून पैशाची गोष्ट लपवणं चुकीचं आहे.

चप्पललाइन
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. वेबसाइट बनवायची अक्कल आपली, लिहायची मेहनत आपली, आणि माल विकायचा दुसऱ्याचा? का?

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, आपल्याकडचे चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीच्या शोमध्ये तसलीच चप्पल दिसली आणि आधी तिथं आपल्या गावाचं नाव नव्हतं, तेव्हा सगळा महाराष्ट्र पेटला. त्या गदारोळात खरी कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) कशी ओळखायची, चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं आहे का, हे विचारणाऱ्यांना आपण कुठं पाठवलं? ऑनलाइन ‘कोल्हापुरी’ म्हणून रेक्झिनची चप्पल खपते आणि इथं कारागिराची पोरं धंदा सोडतात. ज्याला साइट उभी करता येते, त्यानं कारागिराचा माल थेट विकावा. टक्केवारीवर समाधान मानणं मला बघवत नाही.

उद्यमनगरकर
चप्पललाइन, तुमची तळमळ कळते. पण चामड्यातलं मला काही कळत नाही. मी त्यावर लिहिलं तर पुन्हा तेच होईल, न बघता लिहिणं. माल ठेवणं, पाठवणं, परत आलेले जोड सांभाळणं हा पूर्ण वेळेचा धंदा आहे आणि तो चामडं जाणणाऱ्यानंच करावा. त्याला साइट लागली तर मी बसून बनवून देईन, हा शब्द.

दुकानदार दादा, २४ तासांचं गणित खरं आहे. तरी सगळी गिऱ्हाइकं उधारीवाली नसतात. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेला मुलगा गावाकडं वडिलांना पंप पाठवतो, तो ऑनलाइनच घेतो आणि त्याला कुणीतरी खात्रीचं सांगायला हवं असतं. माझा वाचक तो आहे. मशीन शॉप आहे, त्यामुळं या साइटवर चूल पेटायची नाही. म्हणूनच कुठल्या पंपाला नाही म्हणायचं ते मी मोकळेपणानं लिहू शकतो.

लक्ष्मीपुरी_दुकानदार
पोराचा मुद्दा मान्य. सणाला गावी आलेली पोरं मोबाइलवर किंमत दाखवत माझ्याशी भांडतात, त्यांना निदान दोन पंपांतला फरक कळेल. पण पोरगा पंप पाठवून मोकळा होतो आणि पाठीवर घेऊन फिरतो बाप. तो बंद पडल्यावर बाप कुठं जाणार, हे प्रत्येक लेखात लिही. सुटा भाग कोल्हापुरात मिळत नसेल तर पंप कितीही चांगला असो, लिंक देऊ नकोस. एवढं पाळलंस तर कमिशन अजून कमी होईल, म्हणून धंदा म्हणून माझा नकार कायम. डायफ्रॅमची मापं मात्र आधी लिही, रोज चुकीचा घेऊन जातात.