दुसरीतल्या मुलीच्या स्पेलिंगबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही टेक्सासला असतो, लेक दुसरीत आहे आणि यंदा शाळेच्या गिफ्टेड प्रोग्रॅमला (हुशार मुलांसाठीचा खास अभ्यासक्रम) लागली. त्याच्या निवडीसाठीच्या कोगॅट टेस्टमध्ये (विचारक्षमता तपासणारी परीक्षा) स्पेलिंग नव्हतंच, तिच्या लेव्हलला शब्दांचा भागही चित्रांवरच होता, आणि आता दर सोमवारी २० शब्दांची लिस्ट येते, त्यात रिदम, नेसेसरी असले शब्द! वाचते भरपूर, अर्थही सांगते, पण लिहिताना बिकॉज अजून बी-ई-सी-यू-झेड. घरी मराठी, त्यामुळे ऐकू येईल तसं लिहायची सवय असेल का? घोकून शुक्रवारी टेस्टला सगळं बरोबर, रविवारी परत कोरी पाटी. एवढ्या लहान वयात इतकी अपेक्षा नॉर्मल आहे का? लॅटिन-ग्रीक रूट्स (इंग्रजी शब्दांची मुळं) कोणी आत्तापासून शिकवलेत का, की टीचरशीच बोलू?