अडचणीतलं बरं शोधावं, की आधी अडचण सांगावी?

खळ्यातून
परवा रात्री दोनच्या सुमारास माजघरात टपटप सुरू झाली. यंदा शाकारणीला माणूस वेळेत मिळाला नाही, त्यात वानरांनी उड्या मारून कौलं सरकवलेली. आईने आधी तांदळाचं पिंप ओढलं, मग टोप, घमेलं, तपेली, जे हाताला लागलं ते गळतीखाली लावलं. बाबांनी आतूनच काठीने कौलं ढकलून बसवायचा प्रयत्न केला. दोन बसली, तिसरं फुटलं. वीज संध्याकाळपासूनच गेलेली. झोप उडालीच होती, म्हणून गवती चहा घालून कोरा चहा केला आणि तिघं कोरड्या भिंतीला टेकून बसलो.

आणि बाबा बोलायला लागले. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमची दापोली तालुक्यातली झाडांची वाडी आडवी झाली, तेव्हा मी मुंबईत अडकले होते. दुसऱ्या दिवशी ते पडलेली झाडं मोजायला गेले. चाळिसाच्या पुढे मोजता येईना, कारण कुठला बुंधा कुठल्या शेंड्याचा तेच कळेना. मग आजोबांनी लावलेल्या माडावर नुसते बसून राहिले. इतक्या वर्षांत हे त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं. सकाळी आई म्हणाली, "कौल फुटलं म्हणून एवढं बोलणं तरी झालं."

आईची जुनी सवय आहे. दिवेलागणीला दिवसातली एक तरी बरी गोष्ट मोठ्याने सांगायची. कोंबडीने अंडं दिलं, गाडी चुकली पण शेजारणीने दुचाकीवरून सोडलं, असलंच काहीतरी. लहानपणी मला ते खुळं वाटायचं. आता मीही करते, आणि त्याने माझा दिवस खरंच सावरतो. रोजच्या कटकटीत बरं काय ते शोधायला शिकावं, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

वाशिष्ठीकाठ
ताई, तुमच्या आईंबद्दल आदर ठेवून सांगतो, मला हे पटत नाही.

मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला दुकानात वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी शिरलं ते छताला टेकलं. ओसरल्यावर आत ढोपरभर गाळ. उधारीची वही सापडली, पण पानं एकमेकांना चिकटून तिची वीट झालेली. सोडवायला गेलो तर शाई बोटाला यायची. त्याच दिवशी भेटायला आलेला प्रत्येक जण एकच वाक्य म्हणाला, "जीव वाचला हे काय कमी आहे?" कमी नव्हतंच. मला ठाऊक होतं, मी रात्रभर माळ्यावर बसून तेच म्हणत होतो. पण दुसऱ्याने ते म्हटलं की माझं तोंड बंद व्हायचं. पुढे नुकसान सांगायची सोय राहायची नाही.

त्या आठवड्यात बाहेरगावची पोरं फावडी घेऊन आली. नाव विचारलं नाही, उपदेश केला नाही, गाळ उपसून निघून गेली. त्यांचे उपकार मी जन्मभर मानीन. पण नदीतला गाळ निघायला लागला तो आम्ही समाधान मानलं म्हणून नव्हे. गावातली माणसं उपोषणाला बसली, म्हणून. कोकणी माणूस सोसतो, कुरकुरत नाही, असं आपलं कौतुक होतं ना, त्या कौतुकाची किंमत आपणच भरतो.

पोफळीतला
वाशिष्ठीकाठ यांच्याशी सहमत, आणि एक हिशेब मांडतो.

निसर्गनंतर बागांची भरपाई आधी हेक्टरी ५० हजार ठरली. ऐकायला बरी रक्कम. पण हेक्टर म्हणजे जवळजवळ ९९ गुंठे, आणि श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीकडच्या वाड्या असतात गुंठ्यांच्या. माझी बारा गुंठे. म्हणजे सहा हजारांच्या आसपास. दीडशे पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, आणि अठरा माड गेले होते. लोकांनी ओरड केली, तेव्हा झाडामागे रक्कम ठरली, माडाला २५० आणि सुपारीला ५० रुपये. त्याने माझा आकडा बारा हजारांवर गेला. तोही पुरेसा नाहीच, कारण नवीन पोफळ धरायला पाच-सात वर्षं जातात. पण दुप्पट झाला तो बोलल्यामुळे.

दर्यावर
मी हर्णैची. आमच्यात १ जून ते ३१ जुलै होड्या वर ओढलेल्या. माशाचा विणीचा हंगाम, दर्याही खवळलेला, म्हणून बंदी. घरात दोन महिने पैसा नाही, व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली. या दिवसांत माझा पोरगा बापाशेजारी बसून जाळी तुणायला शिकला. सुईत सूत कसं भरायचं, फाटलेला आस, म्हणजे जाळ्याचं भोक, कसा गाठवायचा, सगळं. मासेमारी चालू असती तर बाप त्याला कधी सापडला असता? मला याचं बरं वाटतं, आणि उचल आहे म्हणून हे बरं वाटणं खोटं ठरत नाही.

दुसरं. नारळी पुनवेला आम्ही दर्याला नारळ देतो. ह्याच दर्याने माझा दीर नेला. तरी त्या दिवशी सासूबाई सगळ्यांच्या पुढे असतात. त्या काही "झालं ते बऱ्यासाठी" असं म्हणत नाहीत. कोणी म्हटलं तर उठून जातील. रडतातही आणि नारळही देतात. दादा, तुम्ही म्हणता तसं तोंड बंद होतंच असं नाही.

राठीतला
आमच्या सिंधुदुर्गात देवापुढे गाऱ्हाणं घालतात. गावकार, म्हणजे गावाचा मानकरी, म्हणतो, "बा देवा म्हाराजा," आणि सगळे "व्हय म्हाराजा" करतात. त्यात आजवर राखलंस याची आठवण असते, आणि काय बिघडलंय, काय दुरुस्त करून दे, हेही बजावून सांगितलेलं असतं. एकाच दमात. तक्रारीलाही आपल्याकडे शब्द हाच, गाऱ्हाणं. आभार मानायचे असतील तर गाऱ्हाणं गिळा, ही अट आपल्या जुन्या माणसांनी कधी घातली नव्हती. ती कुठून आली, हे मला कळत नाही.

खळ्यातून
सगळं दोनदा वाचलं. वाशिष्ठीकाठ दादा, एक गोष्ट मान्य करते. आई ते वाक्य स्वतःसाठी म्हणते. शेजारणीचं घर गळत असताना तिला जाऊन "पाऊस पडतोय हे नशीब" असं ती म्हणाली नसती, ताडपत्री घेऊन गेली असती. मी लिहिताना हा फरक केला नव्हता, तो करायला हवा होता. पण रोजची सवय मी सोडणार नाही. भरपाईचा अर्ज भरणारी आणि दिवेलागणीला बरं सांगणारी बाई एकच असू शकते. बाबांचा अर्ज त्या वर्षी आईनेच भरला होता, हेही सांगून ठेवते.

वाशिष्ठीकाठ
ताई, एवढं मोकळेपणाने लिहिलंत, तर मीही एक सांगतो.

त्या वहीतलं एकही नाव वाचता येत नव्हतं. उधारी बुडाली असंच मी धरून चाललो होतो. दिवाळीच्या आत चार गिऱ्हाईकं आपणहून दुकानात आली आणि म्हणाली, "आमचे एवढे राहिले होते." दोघांचं स्वतःचं घर पुरात गेलेलं. एका म्हातारीने रुमालात बांधून ३४० रुपये आणले होते, नोटांना अजून ओलसर वास होता.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की लगेच कोणीतरी म्हणतं, "बघा, पुरातूनही चांगलंच निघालं ना." तसं कृपया म्हणू नका. मला फक्त त्या चौघांबद्दल सांगायचं होतं.