अनुभव धागा : मोझॅक ब्राउझर तेव्हा कसं चालायचं, आज कसं चालवायचं

धागाकर्ता
१९९३च्या मोझॅकला सर्रास ‘पहिला ग्राफिकल (खिडक्या आणि माउसवर चालणारा) वेब ब्राउझर’ म्हणतात, ते चूक आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचा नेक्स्ट संगणकावरचा ब्राउझर १९९०चा; व्हायोला आणि अर्विस हे ब्राउझर १९९२चे. ज्यांनी मोझॅक वापरलंय, सोर्सपासून कंपाइल केलंय (बांधलंय), त्यांनी नेमके तपशील लिहा. आठवणींपेक्षा सेटिंग्ज द्या.

सोळाबिट
विंडोज ३.१मध्ये टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटशी बोलायची सोय, नव्हतंच. आधी ती सोय देणारं पीटर टॅटम यांचं ट्रम्पेट विनसॉक टाकायचं, सेटअपमध्ये स्लिप किंवा पीपीपी (फोनलाइनवरून जोडणीच्या दोन पद्धती) निवडून मोडेमचा कॉम पोर्ट आणि वेग भरायचा, डायल करायचं आणि मग मोझॅक उघडायचं. हमखास अडायचं ते विनसॉक.डीएलएल या फाइलपाशी. डिस्कवर वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन प्रती असल्या की भलतीच लोड व्हायची, म्हणून नको असलेलीचं नाव बदलून ठेवायचं.

दुसरी अडचण मोडेम जोडतात त्या सिरीयल पोर्टच्या चिपची. जुन्या ८२५० चिपला एकाच बाइटचा बफर. १६५५०एला १६ बाइटचा. जुन्या चिपवर १४.४ (सेकंदाला १४,४०० बिटच्या) मोडेमचे बाइट गळतात आणि दोष मात्र ब्राउझरला दिला जातो. मोझॅक २.०च्या चाचणी आवृत्त्यांपासून विन३२एस (विंडोज ३.१वर ३२ बिट प्रोग्रॅम चालवणारी जोड) आधी बसवावं लागे.

मोटिफवाला
माझ्या मते मोझॅकचं खरं काम चित्रांचं. मोझॅक लिहिणारे मार्क अँड्रीसन यांनी पानातच चित्र दाखवणारा आयएमजी टॅग २५ फेब्रुवारी १९९३ला सुचवला. बर्नर्स-ली यांना चित्र लिंकच्याच टॅगमधून यावंसं वाटत होतं. अँड्रीसन आणि त्यांचे सहकारी एरिक बिना यांनी आयएमजी घालून एक्स विंडोसाठीची (युनिक्सवरची खिडक्यांची प्रणाली) १.० आवृत्ती एप्रिलमध्ये सोडलीही.

या सोयीची किंमत होती. ८ बिटच्या पडद्यावर सगळ्या प्रोग्रॅमांना मिळून २५६ रंग. मोझॅक प्रत्येक चित्राला मुळात ५० रंगच देई, त्यामुळे फोटोत पट्टे दिसत. ‘कलर्सपरइनलाइन्डइमेज’ हा एक्स रिसोर्स (एक्स विंडोमधली सेटिंग) वाढवला तर चित्र सुधारे, पण दुसऱ्या खिडक्यांना रंग उरत नसत.

शिवाय चित्रं उतरेपर्यंत मजकूरही दिसत नसे. १४.४ मोडेम म्हणजे सेकंदाला जेमतेम १८०० बाइट. ५० किलोबाइटच्या जिफ चित्राला अर्धा मिनिट. उपाय एकच : ‘डिले इमेज लोडिंग’ चालू ठेवा, हव्या त्याच चित्राच्या खुणेवर क्लिक करा. नंतरच्या नेटस्केप ब्राउझरने मजकूर आधी दाखवायला सुरुवात केली, आणि लोक तिकडे गेले ते यामुळेच असं मला वाटतं.

धागाकर्ता
@मोटिफवाला, उत्तम! आज लिनक्सवर कसं बांधायचं?

मेकफाइल
मोझॅक २.७चा सुधारलेला सोर्स गिटहब या साइटवर आहे. उबुंटू लिनक्सवर मोटिफ, जेपेग, एक्सएमयू आणि एक्सपीएम या लायब्रऱ्यांची डेव्हलपमेंट पॅकेजं घ्या, ‘मेक लिनक्स’ चालवा. प्रोग्रॅम एसआरसी फोल्डरात तयार होतो. एचटीटीपीएस (वेबची सुरक्षित जोडणी) चालणार नाही, त्यामुळे आजच्या बहुतेक साइट उघडत नाहीत. स्वतःच्या मशीनवर साधा एचटीटीपी सर्व्हर लावा आणि चाचणीची पानं तिथून द्या. पानात स्टाइल टॅग (पानाची सजावट सांगणारा) ठेवू नका, आतला मजकूर तसाच पडद्यावर उमटतो.

वाचक_ठाणे
आणि मराठी पान?

मेकफाइल
दिसणार नाही. यूटीएफ-८मध्ये (आजची अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि पहिला कायम २२४. मोझॅक प्रत्येक बाइट सुटं लॅटिन अक्षर समजतं, म्हणून दर तिसऱ्या जागी वर तिरकी रेघ असलेला लहान रोमन ‘a’ दिसतो. मराठी दाखवायचंच असेल तर मजकुराचं जिफ करून आयएमजीने लावा.