बेसपासून दूर राहणारे वैमानिक आजारी पडल्यावर काय करतात?

प्रवासी पक्षी:
अमेरिकेतील अनेक वैमानिक ज्या विमानतळावरून (म्हणजे बेसवरून) त्यांची ड्यूटी सुरू होते त्या शहरात राहत नाहीत, दुसऱ्या राज्यातून विमानानेच कामावर येतात, असे वाचनात आले. एवढा प्रवास करून आल्यावर तब्येत बिघडली तर ते काय करतात? सर्दीने कानांना दडे बसलेले असताना उड्डाण करू नये, हे आपल्यालाही कळते. मग रजा कळवायला अडचण कसली?

न्यूजर्सीकर:
ऐकले ते खरे आहे. कोणाला कोणता बेस मिळणार हे ज्येष्ठतेवर ठरते आणि दर बदलीला घर हलवणे परवडत नाही, म्हणून मंडळी जंप सीटवर (कॉकपिटमधील जादा आसनावर) किंवा रिकाम्या आसनावर बसून येतात. त्या जागेची खात्री नसल्यामुळे पुष्कळदा आदल्या दिवशीच निघावे लागते.

आपल्या प्रश्नाचे बोलके उदाहरण म्हणजे 12 फेब्रुवारी 2009 रोजी बफेलोजवळ कोसळलेले कोलगन एअर या अमेरिकन कंपनीचे विमान. त्यात जमिनीवरील एकासह 50 जण मृत्युमुखी पडले. सहवैमानिक तरुणी सिअ‍ॅटलहून मालवाहू विमानाने रातोरात मेम्फिसला आणि तेथून दुसऱ्या मालवाहू विमानाने सकाळी आपल्या बेसवर, नेवार्कला पोहोचली होती, तर फ्लोरिडात राहणाऱ्या कॅप्टनने आदली रात्र नेवार्कच्या क्रू रूममध्येच काढली होती. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात तिच्या शिंका ऐकू येतात. घरी असताना असे वाटले असते तर आपण आलोच नसतो, पण आता रजा कळवली तर बरे वाटेपर्यंत स्वखर्चाने हॉटेलात राहावे लागेल, अशा आशयाचे ती त्यात बोलते. तुमच्या 'अडचण कसली' याचे उत्तर तिनेच देऊन ठेवले आहे.

चिकित्सक:
उदाहरण समर्पक असले तरी त्यातून भलताच निष्कर्ष निघू नये. वेग घटल्याचा इशारा मिळताच नाक खाली करण्याऐवजी कॅप्टनने कंट्रोल कॉलम (नाक वर-खाली करण्याचा दांडा) मागे ओढला, हे तपास मंडळाने अपघाताचे कारण ठरवले. थकव्याचा परिणाम झाला असावा असे मंडळ म्हणते, पण तो नेमका किती, हे ठरवता आले नाही, असेही नमूद करते. शिवाय दूर राहायचे हा निर्णय वैमानिकाचा स्वतःचा. त्याचा भार प्रवाशांनी का सोसावा?

न्यूजर्सीकर:
कारणाबाबत आपले म्हणणे मान्य आहे. परंतु निर्णय स्वतःचा असतो हे त्या काळी तुटपुंज्या पगारावर असलेल्या नवख्या सहवैमानिकाला कितपत लागू पडत होते, याविषयी मला शंका आहे. 2014 पासून लागू झालेल्या नियमांनुसार ड्यूटीपूर्वी 10 तासांची विश्रांती सक्तीची असून, आपण उड्डाणास तंदुरुस्त आहोत असे वैमानिकाला प्रत्येक उड्डाणापूर्वी स्पष्टपणे सांगावे लागते. मात्र घरापासून बेसपर्यंतच्या प्रवासावर त्यात थेट मर्यादा नाही, तो विचार वैमानिकाच्या जबाबदारीवर सोडलेला आहे. दोन हजार मैल ओलांडून आलेला, डोके जड झालेला माणूस त्या वेळी 'तंदुरुस्त आहात का' याला काय उत्तर देईल, हे त्याच्या खिशावरही अवलंबून असते.

प्रवासी पक्षी:
म्हणजे बेसवर आजारी पडलेल्याला कंपनीनेच खोली दिली, तर निम्मा प्रश्न सुटेल?

न्यूजर्सीकर:
निम्मा नक्कीच, आणि एका रद्द फेरीपेक्षा तो खर्च किरकोळच ठरेल. उरलेला निम्मा जो तो आपली रजा कशी साठवून ठेवतो यात आहे. नव्या वैमानिकाच्या खात्यात ती फारशी नसतेच.