ध्रुवीय रात्रीत सौर भरती-ओहोटी कुठून?

हिवाळ्यात ध्रुवावर सूर्यच नसतो, मग तिथल्या हवेत सौर भरती-ओहोटी, म्हणजे उन्हाच्या उष्णतेने उठणाऱ्या ठराविक तासांच्या लाटा, कशा, ही शंका रास्त आहे. पण या लाटा जन्मतात दुसरीकडे. जिथे ऊन पडतं तिथे खाली बाष्प आणि त्याच्या वर ओझोन ते शोषतो, हवा तापते आणि लाटा उठतात. तिथून त्या वर आणि ध्रुवांकडेही पसरतात. हवा विरळ होते तशा फुगतात. ८० ते १०० किमी उंचीवर उल्का-रडार (उल्कांच्या मागे उरलेल्या रेषांवरून वारे मोजणारं रडार) त्या टिपतं, आणि तिथे सहसा १२ तासांची लाट वरचढ असते.

या लाटांच्या चढउताराचं खापर एकट्या सूर्यावर नको. जानेवारी २००९सारखं स्ट्रॅटोस्फिअर (ओझोन असलेला वातावरणाचा थर) अचानक तापलं की वाटेतले वारेच उलटतात. शिवाय ग्रहीय लाटांशी (पृथ्वीला वेढणाऱ्या हवेतल्या प्रचंड लाटांशी) गुंतून सूर्यामागे न धावणाऱ्या १२ तासांच्या लाटाही तयार होतात. एकटं रडार त्या सूर्यामागे धावणाऱ्या लाटांपासून वेगळ्या करू शकत नाही, त्यामुळे एकाच ठिकाणच्या आलेखावर माझा फारसा भरवसा नाही.