नवं ओपन सोर्स सॉफ्टवेअर: स्टार बघून घ्यायचं, की डेबियनमध्ये येईपर्यंत थांबायचं?

पॅकेजवाला

ओळखीपाळखीचे लोक हल्ली गिटहबच्या (प्रोग्रामर आपला कोड ठेवतात त्या साइटच्या) लिंका पाठवतात आणि सोबत एकच माहिती देतात: स्टार, म्हणजे लोकांनी दिलेल्या पसंतीच्या खुणा, किती आहेत. "तीस हजार स्टार आहेत, डोळे झाकून घे." माझं मत याच्या अगदी उलट आहे. ते इथे मांडतो, पटलं नाही तर जरूर खोडून काढा.

पहिलं म्हणजे स्टार हा निकष बाद करा. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांचा सहभाग असलेला एक अभ्यास डिसेंबर 2024 मध्ये आला. त्याच्या पहिल्या मसुद्यातच गिटहबवरच्या संशयित खोट्या स्टारचा आकडा 45 लाख होता. हे स्टार पैसे देऊन मिळतात. ज्या रेपोंना (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यांना) ते लागले होते, त्यांतले बरेचसे पायरेटेड सॉफ्टवेअर, गेमचे चीट, क्रिप्टो बॉट अशा नावांखाली मालवेअर वाटत होते. खोटे स्टार बाजूला ठेवले तरी खरा स्टार तरी काय सांगतो? कुणीतरी रीडमी (प्रकल्पाच्या ओळखीचं पान) वाचला, स्क्रीनशॉट आवडला आणि "नंतर बघू" म्हणून खूण करून ठेवली. सॉफ्टवेअर वापरलं असं त्यातून अजिबात कळत नाही.

दुसरं, ट्रेंडिंग यादीत जे दिसतं तेवढंच ओपन सोर्सचं जग नाही. व्हीएलसी, गिम्प, इंकस्केप, केडीई, लिब्रेऑफिस यांचं मुख्य काम गिटहबवर चालतच नाही.

मी काय करतो ते सांगतो. काय हवंय ते आधी ठरवतो आणि मग डेबियन या लिनक्स प्रणालीच्या भांडारात शोधतो. अँड्रॉइड फोनसाठी एफ-ड्रॉइड, हे ओपन सोर्स ॲप्सचं भांडार. डेबियनमध्ये पॅकेज आहे याचा अर्थ मूळ लेखकाव्यतिरिक्त आणखी एका माणसाने लायसन्स तपासलंय, ते सोर्सवरून (मूळ कोडवरून) बिल्ड होतंय आणि बगची तक्रार घ्यायला कुणीतरी बसलंय. एफ-ड्रॉइडवरही ॲप सोर्सवरून बिल्ड होतं. आत ट्रॅकिंग किंवा जाहिराती असतील तर "अँटी-फीचर्स" म्हणून ॲपच्या पानावरच लिहिलेलं असतं. नवा प्रकल्प या दोन्ही ठिकाणी पोचला नसेल तर थांबायचं. वर्ष-दीड वर्षात बरेचसे प्रकल्प आपसूक गळतात. उरतील त्यांतून निवडायचं.

थांबण्याने काय वाचतं ते मार्च 2024 मध्ये दिसलं. एक्सझेड युटिल्स या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये एसएसएचमधून (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या सोयीतून) घुसता येईल असं चोरदार (बॅकडोअर) घातलेलं सापडलं. ते डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या चाचणीच्या शाखांमध्ये पोचलं होतं, सगळ्यांनी वापरायच्या स्टेबलमध्ये नाही. स्टेबलवाले शांत झोपले.

रात्रपाळी

स्टारबद्दल शंभर टक्के सहमत. एक्सझेडच्या उदाहरणातून तुम्ही जो निष्कर्ष काढलात तो मात्र पटला नाही.

ते चोरदार सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा अभियंता डेबियन अनस्टेबल, म्हणजे सिड, वापरत होता. त्याच्या चाचण्यांमध्ये एसएसएचचं लॉगिन साधारण अर्धा सेकंद जास्त वेळ घेत होतं आणि सीपीयू विनाकारण तापत होता. तो त्याच्या मागे लागला आणि 29 मार्चला त्याने सगळं जाहीर केलं. तोही स्टेबलवरच बसला असता तर ते चोरदार आज कुठल्या कुठल्या सर्व्हरवर असतं? स्टेबलवाले शांत झोपले, कारण कुणीतरी सिडवर जागा होता.

आणि तुमची चाळणी एक्सझेडला लावून बघा. जुना प्रकल्प, डेबियनमध्ये वर्षानुवर्षं असलेला, सगळीकडे वापरला जाणारा. पहिल्याच फेरीत पास. हल्लेखोराने दोनेक वर्षं प्रामाणिकपणे पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) पाठवून विश्वास कमावला. दमलेल्या एकट्या मेंटेनरवर (प्रकल्प सांभाळणाऱ्यावर) दुसऱ्या खात्यांवरून "रिलीज कधी, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या" असा दबाव येत राहिला आणि शेवटी या माणसाच्या हाती रिलीजच्या चाव्या गेल्या. चोरदार सुरू करणारा तुकडा गिटमध्ये, म्हणजे कोडचे बदल नोंदले जातात तिथे, नव्हताच, तो रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटायच्या गठ्ठ्यात) होता. तेव्हा "डेबियनमध्ये आहे" यापेक्षा "किती माणसांच्या खांद्यावर आहे" हा प्रश्न मोठा आहे. तो जुन्यालाही लागू होतो आणि नव्यालाही.

पॅकेजवाला

रात्रपाळी, किती माणसांच्या खांद्यावर हा मुद्दा घेतो, माझ्या मांडणीत तो नव्हता. पण फ्रॉइंड हा चाचण्या करणारा तज्ज्ञ होता आणि मशीन त्याचं स्वतःचं होतं. मी बोलतोय ते दुकानाचा हिशेब, दवाखान्याच्या नोंदी, सोसायटीची कागदपत्रं सांभाळणाऱ्या माणसाबद्दल. त्याला सिडवर बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. लॉगिन अर्धा सेकंद उशिरा झालं म्हणून तो व्हॅलग्राइंड (प्रोग्राममधल्या चुका शोधायचं साधन) उघडणार नाही.

अक्षरजुळणी

मी छपाईच्या धंद्यात आहे, प्रोग्रामर नाही. "थांबा" हा सल्ला मराठी माणसाला केवढ्याला पडतो ते सांगते.

स्क्रायबस हे पानं लावायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. त्याची 1.4 ही स्थिर मालिका आम्हाला काहीच उपयोगाची नव्हती. "किल्ल्यात" लिहिलं की ऱ्हस्व वेलांटी क च्या मागे जाऊन पडायची आणि ल्ल्या सुटा व्हायचा, पाय मोडलेला. देवनागरी नीट जुळवणारं इंजिन 1.5 च्या विकासाधीन मालिकेत आलं. तिच्यावर प्रकल्पानेच "ही स्थिर नाही" असं लिहिलं होतं. स्थिर 1.6.0 निघाली जानेवारी 2024 मध्ये. म्हणजे स्थिर आवृत्तीच हवी असं म्हणणाऱ्या मराठी मुद्रकाने तोवर स्क्रायबसमध्ये एक ओळसुद्धा लावायची नाही, असाच याचा अर्थ झाला. इंग्रजीवाल्याला तो सगळा काळ 1.4 चालत होती. त्याच्यासाठी थांबणं फुकट होतं.

आम्ही 1.5 वर कामं केली. फाइल रोज वेगळ्या नावाने ठेवायची, काम संपलं की पीडीएफ काढून बाजूला, एवढी शिस्त पाळली. आमच्या लिपीची अडचण आम्हीच नवीन आवृत्ती लावून सांगितली नाही तर ती कुणाला दिसणार?

ग्रंथपाल

तुम्ही सगळे कोडच्या बाजूने बोलताय, म्हणून थोडं वेगळं लिहिते.

आमच्या क्षेत्रातलं सगळ्यात उपयोगी ओपन सोर्स म्हणजे कोहा, ग्रंथालय चालवायचं सॉफ्टवेअर. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी प्रणाली 2000 साल उजाडल्यावर चालणार नव्हती, म्हणून 1999 मध्ये ते लिहायला घेतलं आणि जानेवारी 2000 मध्ये ते सुरू झालं. आज महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ते आहे. नॅकच्या मूल्यांकनात ग्रंथालयाच्या संगणकीकरणाबद्दल विचारतात, त्यामुळे प्राचार्यही लक्ष घालतात.

आमच्यापैकी कुणालाही कोहा स्टार बघून सापडलं नाही. कोहाचं मुख्य रेपो त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर आहे. एका ग्रंथपालाने कार्यशाळेत दाखवलं, दुसऱ्याने आपल्या कॉलेजात बसवलं, तिसरी त्याला फोन करून विचारत राहिली, असं ते पसरलं. नवं सॉफ्टवेअर शोधायचं तर आधी आपल्याच कामातली माणसं शोधावीत असं मला मनापासून वाटतं. मार्क (पुस्तकांच्या माहितीचा ठरावीक साचा) नोंदी नीट आयात होतात का, बारकोडचं लेबल चिकटपट्टीच्या कागदावर बरोबर बसतं का, मराठी शीर्षक "ज्ञ"ने सुरू होत असेल तर यादीत कुठे जातं, हे मला डेबियनचा मेंटेनर सांगू शकणार नाही. दुसरी ग्रंथपाल सांगेल.

सेल्फहोस्ट

पॅकेजवाला साहेब, तुमच्या चाळणीत एक अख्खा वर्ग बसतच नाही. नेक्स्टक्लाउडचा (आपल्याच सर्व्हरवर फाइली ठेवायच्या सॉफ्टवेअरचा) क्लायंट डेबियनमध्ये आहे, सर्व्हर नाही. अशी वेब ॲप्स शेकडो डिपेंडन्सी (त्यांना लागणारी दुसरी पॅकेजेस) घेऊन येतात आणि डॉकरच्या इमेजमधून, म्हणजे सगळं आत भरलेल्या डब्यातून, वाटली जातात. डेबियनच्या नियमांत ती बसवणं महाकठीण. म्हणजे तुमच्या हिशेबाने मी कायमच थांबायचं.

फोटोंसाठी इमिच घ्या. 2022 मध्ये सुरू झालं, स्थिर 2.0 आली ऑक्टोबर 2025 मध्ये. मधल्या काळात त्यांनी रीडमीतच लिहून ठेवलं होतं की बदल वेगाने होतायत, मोडतोड होईल, फोटो ठेवायची एकमेव जागा म्हणून हे वापरू नका. मी कुठल्याही नव्या प्रकल्पाला ज्या कसोट्या लावतो त्यांत ही सगळ्यात वरची आहे: आपलं काय कच्चं आहे ते त्यांनी स्वतः लिहिलंय का? ज्याच्या रीडमीत नुसती स्तुती असते त्याच्यापासून मी लांब राहतो.

त्यानंतर मी इश्यू, म्हणजे प्रकल्पाकडे आलेल्या तक्रारी, उघडतो. चालू असलेले नाही, बंद झालेले. शोधखिडकीत "डेटा लॉस" टाकायचं आणि मेंटेनरने काय उत्तर दिलं ते वाचायचं. "माझ्याकडे चालतंय" म्हणून बंद केलं असेल तर माझ्यासाठी तो प्रकल्प तिथेच संपला. "पुन्हा घडवून बघितलं, कारण हे आहे, अमुक आवृत्तीत दुरुस्त होईल, तोपर्यंत हे करा" असं असेल तर स्टार पन्नास असले तरी मी घेतो. मग रिलीज नोट्स. मोडणारा बदल असेल तर जुन्यावरून नव्यावर कसं जायचं ते लिहिलंय का? आणि शेवटी बाहेर पडायचा रस्ता: माझा डेटा साध्या फाइलींत परत मिळतो का?

हे सगळं अर्ध्या तासात होतं. त्यासाठी दीड वर्ष कशाला?

फोर्कशोध्या

सेल्फहोस्टच्या कसोट्या उत्तम आहेत. पण त्या हातात आलेला प्रकल्प तपासायच्या आहेत. मुळात नवीन सापडायचं कुठे? माझं उत्तर: जिथे फाटलंय, म्हणजे जुन्याच कोडवरून वेगळा प्रकल्प (फोर्क) निघालाय, तिथे बघा.

ऑगस्ट 2023 मध्ये टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या साधनाचं लायसन्स बदललं, त्यातून ओपनटोफू निघालं. मार्च 2024 मध्ये रेडिस या डेटाबेसचं बदललं, काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॉल्की उभं राहिलं. फोनवर सिंपल मोबाइल टूल्सची छोटी छोटी गुणी ॲप्स होती. 2023 च्या अखेरीस ती एका कंपनीला विकली गेली आणि आधीच्या योगदानकर्त्यांनी फॉसिफाय काढलं. नकाशांत मॅप्स डॉट मीपासून ऑरगॅनिक मॅप्स, आणि 2025 मध्ये कारभारावरून मतभेद होऊन कोमॅप्स.

हे प्रकल्प नावाने नवे आहेत, पण कोड वर्षानुवर्षं घासलेला आहे आणि माणसंही सरावलेली. नव्याचा धोका कमी आणि भविष्य जास्त. पॅकेजवाला म्हणतात तसं थांबणाऱ्यालाही हे लगेच घेता येतील.

रात्रपाळी

फोर्कशोध्या, एवढं सरसकट नको. फोर्क काढल्याची घोषणा करायला एक दुपार पुरते, चालवायला वर्षं लागतात. व्हॉल्कीमागे मोठ्या कंपन्यांचे पगारी अभियंते होते म्हणून ते टिकलं. छोट्या ॲपच्या फोर्कमागे बहुधा एकच चिडलेला माणूस असतो आणि चीड ओसरली की कमिट (कोडमधले नवे बदल) थांबतात. पहिल्या सहा महिन्यांत किती वेगवेगळ्या लोकांचे पुल रिक्वेस्ट (बाहेरून सुचवलेले बदल) स्वीकारले गेले ते बघितल्याशिवाय मी फोर्ककडे वळणार नाही.

आणि पैशाचा विषय कुणीच काढला नाही. झिरोधा या शेअर दलालीच्या कंपनीने ऑक्टोबर 2024 मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी फ्लॉस फंड जाहीर केला, वर्षाला 10 लाख डॉलर. त्यासाठी प्रकल्पांनी आपली गरज एका ठरावीक फाइलमध्ये लिहून जाहीर करायची असते आणि अशा प्रकल्पांची यादी सगळ्यांना खुली आहे. मला ती यादी ट्रेंडिंगपेक्षा कितीतरी उपयोगी वाटते. कोण काय सांभाळतंय आणि त्याला किती पैसे कमी पडतायत हे तिथे एकाच जागी वाचता येतं.

पॅकेजवाला

स्क्रायबसच्या उदाहरणाला माझ्याकडे उत्तर नाही. लिपीचा आधारच ज्या आवृत्तीत नाही ती कितीही स्थिर असली तरी निरुपयोगी, हे मान्य. सेल्फहोस्टची बंद इश्यूंची युक्ती मीही वापरेन.

पण एका ठिकाणी मी हटणार नाही. अर्ध्या तासात कसोटी लावणारा माणूस घरच्या आणि ओळखीच्या दहा जणांना तेच बसवून देतो. त्या दहा जणांकडे ना बॅकअप असतो, ना रिलीज नोट्स वाचायची सवय. मोडणारा बदल येतो तेव्हा बसवून देणारा बदलीच्या गावी गेलेला असतो. स्वतःच्या मशीनवर जे करायचं ते करा. दुसऱ्याचा डेटा हातात असेल तर स्टेबल, आणि बाहेर पडायचा रस्ता आधी चालून बघितलेला. सेल्फहोस्ट, इमिच तुम्ही स्वतःपुरतं लावलंत की नातेवाइकांनाही?

सेल्फहोस्ट

नातेवाइकांनाही लावलं. त्यांच्या फोनवरचे मूळ फोटो तसेच आहेत आणि रात्री दुसऱ्या डिस्कवर प्रत जाते. ती डिस्क लावून फोटो परत आणून बघितले आणि मगच त्यांना ॲप दिलं. तुमची अट एवढीच असेल तर आपलं भांडण नाही. तुमच्या पहिल्या प्रतिसादात ती नव्हती, तिथे नुसतं "थांबा" होतं.

अक्षरजुळणी

देवनागरीची गडबड दिसली की तक्रार कशी करायची ते लिहिते, कारण आपल्याकडे बरेच जण फक्त "मराठी दिसत नाही" लिहितात आणि ती तक्रार बंद होते. कोणता फाँट ते लिहा, आणि शक्यतो मुक्तासारखा मुक्त परवान्याचा फाँट घेऊन तीच चूक दाखवा, म्हणजे समोरच्याला तो उतरवून घेता येतो. शब्द युनिकोडमध्ये टाका, नुसतं चित्र नको. शेजारी तोच शब्द फायरफॉक्समध्ये कसा दिसतो त्याचं चित्र लावा, कारण जर्मनीतल्या माणसाला बरोबर कुठलं आणि चूक कुठलं हे डोळ्यांनी कळत नाही. माझ्याकडे अशा शब्दांची यादी आहे: किल्ल्यात, र्‍हास, दर्‍या, शृंगार, वाङ्मय, उद्ध्वस्त, कर्तृत्व. नवीन आवृत्ती लावली की आधी हे सात टाकून बघते.